बंब्याला कान लावून

मागच्या वर्षी चैत्रात भाचीच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला मी औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, जुन्या शहरात गेले होते. एका वळणावर रस्ता खोदलेला. जेसीबी सावलीला लावून चालक डबा खात बसला होता आणि चराच्या कडेला, मातीच्या ढिगावर, खापराचे लालसर तुकडे पडले होते. येणारा-जाणारा त्यांच्यावर पाय देऊन चालला होता. मी जागच्या जागी थांबले. वाकून एक तुकडा उचलला. हातभर लांब, आतून पोकळ, एक तोंड निमुळतं आणि दुसरं जरा रुंद, म्हणजे एकाचं तोंड दुसऱ्यात नीट बसावं असं. बाहेरून बोटभर जाडीचा चुना, दगडासारखा घट्ट झालेला.

नहरीचा, म्हणजे जमिनीखालून शहराला पाणी आणणाऱ्या जुन्या कालव्याचा, नळ होता तो.

"घ्या की मावशी, ढीगभर निघालेत असले," चालक म्हणाला. मी तो पत्रिकांच्या पिशवीत ठेवला. उरलेल्या तीन घरी पत्रिका द्यायच्या त्या दिवशी राहूनच गेल्या.

घरी आणून धुतला. आतून पांढरट साका बसलाय, थरावर थर. जिथे साका निघालाय तिथे बोट फिरवलं की बारीक वळ्या लागतात. चाकावर फिरताना कुंभाराच्या बोटांनी उठलेल्या त्या वळ्या. खापर इतकं जुनं असूनही टिचकी मारली तर खणखणीत वाजतं. सिडकोतल्या माझ्या घराच्या गॅलरीत, तुळशीच्या कुंडीशेजारी तो आता आडवा ठेवलाय. येणारे विचारतात, हे काय? मी सांगायला लागले की अर्ध्या तासाच्या आत थांबत नाही. ते सगळंच एकदा लिहून काढते.

आमचं घर बेगमपुऱ्यात होतं, मकबऱ्याच्या अंगाला. वाडा म्हणायचो, पण सरदाराचा नव्हे. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब, वर माळवद. अंगणाच्या कोपऱ्यात दगडी हौद, पुरुषभर खोल. हौदाच्या एका भिंतीत वरच्या बाजूला अंगठ्याएवढं भोक होतं आणि त्यातून दिवसरात्र पाणी यायचं. त्याला तोटी नव्हती. बंद करायची सोयच नव्हती, कारण बंद करायचं कुणाच्या मनातच नव्हतं. हौद भरला की समोरच्या भिंतीतल्या पन्हळीतून पाणी पुढच्या घरी जायचं, तिथला हौद भरला की त्याच्या पुढच्या. आमच्या वरच्या अंगाला खालाजानचं घर, खालच्या अंगाला एक माळ्याचं घर आणि त्याच्याही पुढे मशिदीचा हौद, नमाजाआधी हातपाय धुण्याचा, म्हणजे वजूचा. खालाजानच्या हौदातून आमच्याकडे, आमच्याकडून माळ्याकडे, माळ्याकडून मशिदीत.

म्हणून आमच्या घरी हौदाचे नियम देवघरासारखे होते. हौदात हात घालायचा नाही, तांब्याने घ्यायचं. साबण चार पावलं लांब. पाय धुवायचे तर न्हाणीत. आम्ही पोरं उन्हाळ्यात हौदाच्या कडेवर बसून पाय सोडायला बघायचो आणि आईचा आवाज यायचा, "पाय काढ आधी, वजूचं पाणी आहे ते!" माझी आई एकादशी करणारी, पंढरीच्या वाटेवरच्या घरातून आलेली. पण आपल्या अंगणातलं पाणी पुढे कुणाच्या कोणत्या कामाला जातं, ते तिला पाठ होतं. आणि आपल्याकडे येतं ते कुणाच्या अंगणातून, तेही.

मला हे शहर आठवतं ते या हौदावरून. बाकीच्यांना दरवाजे आठवतात. दरवाजांचंही दुःख आहेच. बावन्न दरवाजांचं शहर म्हणून आम्ही अभिमानाने सांगायचो. त्यातले लहान-मोठे किती मोजायचे यावर मुलं भांडायचीसुद्धा. १६८२ च्या सुमारास औरंगजेबाने मराठ्यांच्या धास्तीने शहराला कोट घातला. त्याचे उरलेले तुकडे आता कुणाच्या घराची मागची भिंत आहेत, कुणाच्या दुकानाची. मकाई दरवाजाच्या कमानीतून दोन रिक्षा एकमेकींना घासून जातात तेव्हा माझा जीव खालीवर होतो. पण दरवाजा निदान दिसतो. दिसतो म्हणून त्याच्यासाठी चार माणसं बोलतात. जमिनीखालच्या नहरीसाठी कोण बोलणार?

नहर कशी चालायची ते मला अण्णांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी शिकवलं. त्यांनी शब्दात फार सांगितलं नाही. मी सहा-सात वर्षांची असेन. पाणचक्कीच्या वाटेवर दगड-चुन्याचे उंच चौकोनी खांब होते, त्यांना आम्ही बंबे म्हणायचो. अण्णांनी मला एका बंब्याशी उभं केलं आणि म्हणाले, "कान लाव." मी गार दगडाला कान लावला. आधी काहीच नाही. मग आत, खूप आत, कुणीतरी हलक्या आवाजात बोलत असावं तसं ऐकू यायला लागलं. "चढतंय," अण्णा म्हणाले. "एका बाजूने चढतंय, दुसऱ्या बाजूने उतरतंय."

मोठी झाल्यावर त्याचा अर्थ लागला. हर्सूल-सावंगीच्या बाजूला डोंगरात जमिनीखाली बोगदे खणून झिरपणारं पाणी गोळा केलेलं. तिथून उताराच्या हिशेबाने ते शहराकडे सोडलेलं. काही ठिकाणी बांधीव भुयार, काही ठिकाणी चुन्यात बसवलेले खापरी नळ. मध्ये-मध्ये हे बंबे. पाणी आपल्याच दाबाने खांबात वर चढतं, अडकलेली हवा सोडून देतं, गाळ खाली बसवतं आणि दुसऱ्या बाजूने पुढच्या वाटेला लागतं. दाब फार वाढला तर खापर फुटेल, तो दाबही तिथेच मोडतो. पंप नाही, वीज नाही, बैल नाही. फक्त जमिनीचा उतार नीट वाचलेला.

हा उतार वाचणारा माणूस मलिक अंबर. इथिओपियात १५४८ च्या सुमारास जन्मलेला, चापू नावाचा मुलगा. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. हाताहातांतून बगदादपर्यंत गेला, तिथे अंबर झाला, आणि दख्खनेत आल्यावर अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. पुढे तोच निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. मोगलांना त्याने दोन तपं दख्खनेत सुखाने बसू दिलं नाही. १६२४ ची भातवडीची लढाई शहाजीराजे आणि शरीफजी त्याच्या बाजूने लढले, शरीफजी तिथेच पडले. जमिनीची प्रत लावून सारा ठरवायची त्याची पद्धत पुढच्या कितीतरी कारभाऱ्यांनी उचलली. आणि १६१० मध्ये खडकी नावाच्या खेड्याच्या जागी त्याने हे शहर वसवलं. नावच सांगतं जमीन कशी होती ते. खडकाळ माळ, जवळ खाम नदी, उन्हाळ्यात तीही कोरडी. अशा ठिकाणी राजधानी करायची तर आधी पाणी आणायला हवं, हे त्याला कळलं. महाल नंतर.

१६२६ ला तो गेला. खुलताबादेत त्याची कबर आहे. तिथे जाणारे बहुतेक औरंगजेबाच्या कबरीपर्यंत जातात आणि परत फिरतात. मी दरवर्षी एकदा अंबरच्या कबरीपाशी जाऊन बसते. ज्याचं पाणी मी अठरा वर्षं प्यायले, त्याच्यापाशी जायला मला दुसरं कारण लागत नाही.

त्याच्या मुलाने शहराचं नाव फतेहनगर केलं, १६५३ मध्ये शहजादा औरंगजेबाने औरंगाबाद केलं, आणि २०२३ पासून सरकारी कागदावर छत्रपती संभाजीनगर आहे. नावांवरून बोलणं निघालं की मी ऐकून घेते. माझ्या मनात नहरीचा विचार चालू असतो. चारही नावांखालून ती एकच वाहत आली. पुढच्या लोकांनी तिला जोड दिली, नव्या नहरी काढल्या. बेगमपुऱ्यातला थत्ते हौद अजून आहे, त्याची नहर वेगळी. पाणचक्कीची नहर अठराव्या शतकातली. बाबाशाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी उंचावरून पडणाऱ्या पाण्याने जातं फिरायचं आणि फकिरांच्या, वाटसरूंच्या पोटाला पीठ मिळायचं. लहानपणी सगळ्या पाहुण्यांना आम्ही पाणचक्की दाखवायला न्यायचो. पाहुणे हौदातले मासे बघायचे, मी त्या उंच भिंतीकडे बघायचे. एवढं पाणी तिथवर चढलं कसं, हे ठाऊक असणारी त्या घोळक्यात मी एकटीच आहे असं वाटायचं.

उन्हाळ्यात आम्ही माळवदावर झोपायचो. संध्याकाळी वर पाणी शिंपडायचं, पांढऱ्या मातीचा वास उठायचा, मग गोधड्या पसरायच्या. एका बाजूला मकबऱ्याचा घुमट चांदण्यात, दुसऱ्या बाजूला विद्यापीठाकडचे डोंगर. खालाजानच्या घरी माळवदावर बाजा टाकलेल्या असायच्या आणि दोन माळवदांच्या मधल्या अंधारातून गप्पा चालायच्या, अर्ध्या मराठीत, अर्ध्या दखनीत. कुणाच्या पोराला गोवर आला, कुणाचं स्थळ मोडलं, मोंढ्यात ज्वारी काय भावाने गेली. रात्री उशिरा सगळं निवलं की खाली अंगणातली धार ऐकू यायची. ती धार ऐकल्याशिवाय मला झोप लागायची नाही. लग्न होऊन लातूरला गेले तेव्हा पहिले कितीतरी दिवस मी जागीच असायचे. काय चुकतंय ते सासरच्यांना सांगता यायचं नाही.

१९७२ चा दुष्काळ मी आठ वर्षांची असताना बघितला. अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी, खडी फोडायला गेलेल्या बाया, चाऱ्यावाचून सोडून दिलेली जनावरं. खेड्यातले आमचे नातेवाईक त्या वर्षी वाड्यात येऊन राहिले, चौदा माणसं. आमच्या हौदाची धार करंगळीएवढी बारीक झाली. पण तुटली नाही. अण्णांनी पन्हळीच्या तोंडाशी खडूने एक रेघ मारली होती. हौदातलं पाणी त्या रेघेच्या खाली जाता कामा नये, कारण रेघेखाली गेलं की पुढच्या घरी जायचं थांबतं. चौदा माणसं त्या रेघेच्या हिशेबाने अंघोळी करत होती. आमच्याकडे आलेला एक चुलतभाऊ एकदा चिडून म्हणाला, आपल्यालाच पुरत नाही, पुढच्यांचं काय घेऊन बसलात? अण्णा काही बोलले नाहीत. फक्त वरच्या अंगाच्या भोकाकडे, खालाजानच्या घराकडे, बोट दाखवलं.

त्या बोटाचा पूर्ण अर्थ मला आजीमुळे कळला. १९४८ च्या त्या वर्षाबद्दल अण्णा कधीच फारसं बोलायचे नाहीत. रझाकारांचे दिवस, मग पोलीस ॲक्शन, १७ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी. आधी एका बाजूच्या लोकांनी जीव मुठीत धरला, नंतर दुसऱ्या बाजूच्या. आजीने एकदाच सांगितलं, की त्या भादव्यात वाड्याचं दार कितीतरी दिवस उघडलं नव्हतं. विहिरीवर जायची सोय नव्हती. "पाणी मात्र येत राहिलं," ती म्हणाली. खालाजानच्या सासूने हौदाचं तोंड बुजवलं नाही. आणि नंतर, जेव्हा त्यांच्या घराची दारं बंद झाली, तेव्हा आमची पन्हळही कुणी बुजवली नाही. मशिदीत वजू होत राहिली. एवढंच आजी म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली.

अण्णा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात गिरदावरीच्या कचेरीत कारकून होते. कचेरीचं लिहिणं उर्दूत, घरचा हिशेब मोडीत, आणि पोथी बालबोधीत. तीन लिप्या त्यांच्या एकाच बोरूतून उतरायच्या. जन्मतारीख विचारली की ते फसली सनात, म्हणजे निजामाच्या महसुली वर्षात, सांगायचे, "१३३० फसली, खुर्दाद महिना." म्हणजे १९२१. ज्ञानेश्वरीच्या ओव्या आणि सिराज औरंगाबादीचे शेर त्यांना सारखेच पाठ होते, आणि दोन्ही म्हणताना ते डोळे मिटायचे.

ते गेले तेव्हा एक पत्र्याची पेटी निघाली, कागदांनी भरलेली. घरात कुणालाच ती वाचता येईना. वडिलांना मोडी थोडी यायची, उर्दू नाही. मला दोन्ही नाही. पेटी तीस वर्षं माळ्यावर राहिली. आमच्या शहराचा इतिहास विसरला गेला त्याचं एक साधं कारण मला ही पेटी वाटते. कुणी तो मुद्दाम पुसायच्या आधीच तो आम्हाला वाचता येईनासा झाला. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला निजामकाळातली दप्तरं बाहेर काढली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं हुडकावी लागली. ती बातमी वाचली त्याच दिवशी मी पेटी खाली काढली आणि ओळखीतल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे घेऊन गेले.

मुंतखबाची एक नक्कल होती, कुणाच्या तरी इनामाची, आमची नव्हेच. काही पावत्या. आणि एक लांबट कागद, चार घड्यांचा, घडीवर फाटलेला. गुरुजींनी भिंग धरून तो पहिल्यांदा मनात वाचला, मग चष्मा काढून पुसला, मग मोठ्याने वाचला. १३४५ फसली. नहरीच्या साफसफाईसाठी गल्लीतल्या घरांची वर्गणी. घरं क्रमाने लिहिलेली, आणि क्रम गल्लीचा नव्हता, पाण्याचा होता. पाणी आधी जिथे पोचतं ते घर पहिलं. खालाजानचं घर सहावं, आमचं सातवं, माळ्याचं आठवं, मशीद नववी. रकमा निजामाच्या हाली सिक्क्यात, आण्यांत. दोन घरांपुढे रक्कम नव्हती. तिथे लिहिलं होतं, "एक दिवस काम." पैसे नसतील त्यांनी भुयारात उतरायला मदत करायची. मशिदीपुढेही रक्कम होती, आमच्याइतकीच.

गुरुजी म्हणाले, "ये तो हमारे मोहल्ले का नक्शा है." खरंच नकाशाच होता. कोण कुणाच्या आधी आणि कोण कुणाच्या नंतर, हे त्यात होतं. आजच्या कुठल्याही नकाशात ते सापडणार नाही.

१९७६ मध्ये पैठणला जायकवाडीचं लोकार्पण झालं. नाथसागराचं पाणी पुढे शहराला आलं आणि आमच्या गल्लीत लोखंडी नळ घातले गेले. मला आठवतं, पहिल्या दिवशी आईने नळाला हळद-कुंकू वाहिलं. आनंदच होता तो, आणि खरा होता. शहर वाढत होतं, चिकलठाण्याला कारखाने, मग सिडकोच्या वसाहती, मग वाळूज. एवढ्या माणसांना नहरी पुरल्या नसत्या, हे मी मान्य करते. पण नळाला तोटी होती. ती आपल्या घरात फिरवायची आणि आपल्या घरातच बंद करायची. पुढचं घर कुठलं, हे आता कुणाला ठाऊक असायची गरज उरली नाही. वर्गणी थांबली. कुणी भुयारात उतरेना. कुठे कुणी पायाच्या खड्ड्यात नळ फोडला, कुठे संडासाची टाकी नहरीवर आली. आमच्या हौदाची धार एका पावसाळ्यात गढूळ यायला लागली, दुसऱ्या उन्हाळ्यात थांबली. भावांनी हौद मातीने भरला, वर फरशी घातली. आता तिथे त्यांच्या मोटारसायकली असतात.

आणि आज माझ्या सिडकोच्या घरी नळाला पाणी आठवड्याने येतं. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरून, पंपांनी चढवून. ज्या दिवशी यायचं त्या दिवशी सगळी गल्ली पहाटेपासून जागी, प्रत्येकाच्या घरी मोटार लावलेली, आणि ज्याची मोटार मोठी त्याची टाकी आधी भरते. शेजारच्या घरी पाणी आलं का, हे आम्ही विचारत नाही. मीही विचारत नाही. मलाही माझी टाकी भरायची असते.

पत्रिका द्यायच्या राहिलेल्या त्या तीन घरांपैकी एक खालाजानचं होतं. चार दिवसांनी परत गेले. खालाजान कधीच गेल्या. त्यांच्या सूनबाई, ज्यांना आम्ही भाभीजान म्हणायचो, त्या आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. घर पाडून तीन मजले झालेत, त्या खालच्या मजल्यावर एका खोलीत राहतात. पत्रिका हातात घेऊन आधी माझ्या आईचं नाव घेतलं आणि रडल्या. मग शीरखुर्मा आणायला सुनेला पाठवलं. मी त्यांना पिशवीतला नळ दाखवला. दाखवायला म्हणूनच घेऊन गेले होते. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, आतल्या साक्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "बंद हो गई ना तुम्हारी?"

मी म्हटलं, हो, कधीच.

त्यांनी दाराकडे बघितलं. सून आत होती. माझं मनगट धरून त्या मला मागच्या बोळात घेऊन गेल्या, भिंतीला धरत-धरत. बोळाच्या टोकाला एक शहाबादी फरशी होती, वर पाण्याची रिकामी टिपं ठेवलेली. "हटाव," त्या म्हणाल्या. मी टिपं सरकवली, फरशी एका बाजूने उचलली.

आधी वास आला. ओल्या चुन्याचा, गार, चाळीस वर्षांपूर्वीचा वास. मग अंधारात डोळे सरावल्यावर पाणी चमकलं. फार नव्हतं. पण हलत होतं.

"किसीकू बोलनक्को," भाभीजान कुजबुजल्या. "मोटर लगा देंगे."

मी गल्लीचं नाव लिहिलेलं नाही. गुडघे टेकले, फरशीच्या कडेला हात लावला आणि कान खाली नेला.